उंबरखिंडीतली नकारघंटा

"फेटे उतरवा," आमचं शिबिर घेणारे कर्नल दळवी म्हणाले.

आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागलो. कुरवंड्याच्या माथ्यावर, माघातल्या सकाळच्या गार वाऱ्यात, भोसरीच्या आमच्या रबर कारखान्यातली सगळी वरिष्ठ मंडळी भगवे फेटे बांधून उभी होती. ते बांधायला आमचे विक्रीप्रमुख सतीश कुदळे यांनी पुण्याहून खास माणूस आणला होता. माझ्या अंबाड्यावर फेटा काही बसेना, म्हणून त्या भल्या माणसाने पिना खुपसल्या होत्या, आणि त्यातली एक लोणावळ्यापासून टोचत होती. त्यामुळे हुकूम ऐकून मला तरी बाई आनंदच झाला.

"उतरवा म्हणजे?" सतीश म्हणाले. "अजून फोटो व्हायचेत, सर."

"फोटो नंतर. रणभूमीवरून धंद्याचं नेतृत्व शिकायला आलात ना? मग ऐका. आज आपण ह्या घाटाने खाली उंबरखिंडीत उतरणार. पण महाराजांचे मावळे म्हणून नाही. तुम्ही आज कारतलबखानाची फौज."

झालं! एकच गलका उठला. आम्ही आणि खानाकडून? घरी काय सांगायचं? पोरं काय म्हणतील? कुणीतरी तर म्हणालं, यापेक्षा लोणावळ्याला चिक्की घेऊन परत गेलेलं बरं.

आमचे मालक दिनकरराव थोपटे, म्हणजे आमचे दादा, तेवढे शांत होते. साठीला टेकलेला धिप्पाड माणूस. दोन खणांच्या शेडमध्ये एका जुन्या प्रेसवर रबरी वॉशर काढण्यापासून सुरुवात केलेली, आणि आता तीनशे माणसं हाताखाली.

"कर्नल," दादा म्हणाले, "आम्ही जिंकायचं शिकायला आलोय. हरलेल्याकडून काय शिकायचं?"

"दादा, मी इतकी शिबिरं घेतली. महाराज कोण होणार विचारलं की सगळे हात वर. खान व्हायला कुणी तयार नसतो. आपण सगळे डोंगराच्या माथ्यावर उभे राहून जयजयकार करतो आणि घरी जातो. खिंड आतून कशी दिसते, ते कुणालाच ठाऊक नाही."

दादा खो खो हसले. "बरं. मग खान मी!" माणूसच तसा. शत्रूच्या फौजेत गेला तरी पहिल्या खुर्चीवरच बसणार.

कर्नलनी थोडक्यात गोष्ट सांगितली. साडेतीनशे वर्षांपूर्वी अशाच माघात शाइस्तेखानाने कारतलबखानाला कोकणात उतरायला पाठवलं. हजारोंची फौज, तोफा, तंबू, खजिना. कुणाला कळू नये म्हणून खानाने ही आडवाट धरली. बरोबर एक बाई होती, माहूरकडची सावित्रीबाई देशमुख. मोगलांकडून लढायची. लढाईत अशी वाघीण की रायबाघन हा तिचा किताबच होता.

"खळदकर मॅडम, तुम्ही रायबाघन," कर्नल माझ्याकडे वळून म्हणाले.

"अगं बाई! मग मी करायचं काय?"

"कुणी विचारल्याशिवाय बोलायचं नाही. आणि विचारलं, तर खरं तेवढंच बोलायचं."

"दुसरं जमेल त्यांना," सतीश म्हणाले. "पहिलं अवघड आहे!" सगळे हसले. मीही हसले. हसणं भागच होतं, कारण ह्या हसण्यामागे आमच्या कारखान्याची एक रीत होती, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

दादांना नकार आवडायचा नाही. नन्नाचा पाढा वाचणाऱ्यांनी कारखाने उभे केले नाहीत, असं ते म्हणायचे, आणि ते काही खोटं नव्हतं. म्हणून त्यांनी मीटिंगच्या टेबलावर देवघरातली असते तशी एक छोटी पितळी घंटा ठेवली होती. नाव नकारघंटा. कुणाच्या तोंडून "नाही", "जमणार नाही", "नको" असं निघालं की सतीश ती वाजवायचे, आणि बोलणाऱ्याने सगळ्यांना भेळ द्यायची. गंमत होती हो ती! कुणाला राग नाही, कुणाला शिक्षा नाही. मी गुणवत्ता विभागाची प्रमुख, म्हणजे माल परत पाठवणं हेच माझं काम. कोपऱ्यावरच्या भेळवाल्याने दुसरा मजला चढवला, तो माझ्या नकारांवर, असं सगळे चिडवायचे.

तर येत्या सोमवारी एक करार व्हायचा होता. परराज्यातली एक बडी मोटार कंपनी. दादांनी त्यांच्या दारात नवा कारखाना काढायचा, भोसरीचा बंद करायचा, आणि सगळा माल त्यांनाच द्यायचा. ऑर्डर एवढी मोठी की ऐकणाऱ्याने आ वासावा. मंत्र्यांची वेळ मिळाली होती, भूमिपूजनाचा मांडव उभा राहिला होता, वर्तमानपत्रात दादांचा फोटो छापून आला होता. पण त्या करारात सतरावं कलम होतं. दहा वर्षं आम्ही दुसऱ्या कुणालाही माल विकायचा नाही. आणि त्यांना आम्ही नकोसे झालो, तर एका महिन्याच्या नोटिशीवर ते मोकळे. आम्ही मात्र अडकलेले.

मी मीटिंगमध्ये तोंड उघडलं होतं. "दादा, हे नाही जमायचं, सतराव्या कलमात..." एवढ्यात टिंग! सगळे हसले, भेळ आली, आणि सतरावं कलम भेळेच्या कागदाबरोबर टोपलीत गेलं. दुसऱ्यांदा दादांना केबिनमध्ये गाठलं, तर म्हणाले, "बाई, एवढी मोठी कंपनी आपल्याला कशाला सोडेल? तुम्हाला सवयच लागलीय नाही म्हणायची." झालं. माझ्या तपासणीच्या टेबलावर बसणाऱ्या बायका भोसरी सोडून परराज्यात थोड्याच येणार होत्या? त्यातल्या काही माझ्याबरोबर नोकरीला लागलेल्या. सोमवार जवळ येईल तसं मला त्यांच्याकडे बघवेना.

असो. फेटे गोळा झाले आणि कर्नल म्हणाले, "आता सामान घ्या."

"कुठलं सामान?"

"बसमध्ये आहे ते सगळं. खान मोकळ्या हाताने नाही उतरला."

बसमध्ये काय नव्हतं! दोन मोठे स्पीकर, बॅनर, प्रोजेक्टर, बक्षीस समारंभाच्या ट्रॉफ्यांची खोकी, पाण्याचे जार, आणि संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी सतीशनी खास बरोबर घेतलेली नकारघंटा. सगळं पाठीवर, डोक्यावर चढलं. दादांनी ट्रॉफ्यांचं सगळ्यात जड खोकं स्वतः खांद्यावर घेतलं. त्यांच्याच नावाच्या ट्रॉफ्या होत्या त्यात.

"एकामागे एक चालायचं," कर्नल म्हणाले. "बोलायचं नाही. माघारी फिरायचं नाही."

सुरुवातीला मजा वाटली. वाट रुंद होती, ऊन कोवळं होतं, कुणीतरी हळूच शीळ घालत होतं. मग उतार सुरू झाला. वाट आधी दोघांपुरती झाली, मग एकाची. पायाखाली सुटे दगड, दोन्ही अंगांना कारवीचं दाट रान. स्पीकर वाहणारे घसरले की मागचे सगळे खोळंबायचे. पुढचा दिसेनासा झाला, मागचा ऐकू येईनासा झाला. बोलायचं नसल्यामुळे माणूस आपोआप स्वतःच्या श्वासाकडे लक्ष देतो, आणि सगळ्यांचे श्वास वाजत होते.

खाली पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. खिंड म्हणजे काय, ते मी पुस्तकात हजारदा वाचलेलं. पण बाई गं! समोर कोरडा पडत आलेला ओढा, धोंड्यांतून वाट काढत गेलेला, आणि दोन्ही बाजूंना डोंगर उभेच्या उभे, झाडीने माखलेले. पुढे एक वळण, मागे एक वळण. वर आभाळाची एक चिंधी. पक्षीसुद्धा बोलत नव्हता. मान वर करून बघितलं आणि माझे हात आपोआप जोडले गेले. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

आणि तेवढ्यात पुढच्या वळणापलीकडून नगाऱ्यावर टिपरी पडली.

धडाम! एकच ठोका. आमचे पाय जागच्या जागी थांबले. दुसरा ठोका पाठीमागून, आम्ही उतरलो त्या वाटेवरून. मग डाव्या डोंगरातून, मग उजव्या. कुठे माणूस दिसेल तर शपथ! आवाज भिंतींवर आपटून पोटात उतरत होता. वरून एक दगड सुटला, गडगडत आला आणि ओढ्यात पडला. आमच्यातला एक धडधाकट गडी स्पीकर टाकून मटकन खाली बसला. हा सगळा खेळ आहे, शिबिर आहे, संध्याकाळी जेवायला श्रीखंड आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी अंगावर सरसरून काटा आला. मला वाटतं, त्या डोंगरांना खेळ कळत नसावा.

मला त्या घडीला एकच गोष्ट कळली. लहानपणापासून महाराजांचा जयजयकार केला, पोवाडे ऐकले, ऊर भरून आला. पण तो माणूस केवढा होता, हे मला वरून कधी कळलं नव्हतं. ते खालून कळलं. ही दरी, हे वळण, ही झाडी त्याने कधीतरी उभं राहून पाहिली असेल, आणि तलवारीच्या आधी त्याच्या डोक्यात लढाई संपलेली असेल. नुसत्या विचाराने माझे डोळे भरून आले.

नगारे थांबले. कर्नल दादांच्या पुढ्यात येऊन उभे राहिले. "बोला खानसाहेब. आता?"

दादांच्या खांद्यावर अजून ते खोकं होतं. घामाने सदरा चिकटलेला. "पुढे घुसायचं. तोडून निघायचं."

"पुढे किती माणसं आहेत?"

"काय ठाऊक?"

"मग मागे फिरा."

दादांनी मागे पाहिलं. आमची रांग वळणापलीकडे नाहीशी झाली होती. मागच्याला फिरायला सांगायचं, तर त्याच्यापर्यंत आवाज पोचत नव्हता. बाजूचा कडा चढायचा म्हटलं तर माकडच हवं.

"च्यायला," दादा पुटपुटले. मग एकदम चढ्या आवाजात म्हणाले, "वाट अशी आहे हे मला आधी कुणी का नाही सांगितलं?"

हे खान बोलला की दादा, कुणाला कळलं नाही. बहुतेक त्यांनाही नसावं.

"खानानेही हेच विचारलं, असं म्हणतात," कर्नल शांतपणे म्हणाले. "उशिरा विचारलं, पण विचारलं. रायबाघनला."

दादा माझ्याकडे वळले. माझ्या हातात पाण्याचा रिकामा जार होता, तो मी उगाच पोटाशी धरला.

"सांगा बाई," दादा म्हणाले.

उतरताना मी दोन नाटकी वाक्यं मनात जुळवली होती, टाळ्या पडतील अशी. त्यातलं एक म्हटलं. "खानसाहेब, आत यायची वाट आपण निवडली. बाहेर जायची आता त्याच्या मर्जीवर आहे." दुसरं वाक्य काही केल्या आठवेना. आठवलं ते भलतंच. विचारलं तर खरं बोलायचं, असं कर्नलनी बजावलं होतं ना?

"दादा," मी म्हटलं, "सोमवारी आपण हेच करणार आहोत."

"म्हणजे?"

"तीनशे माणसं घेऊन एकाच वाटेने आत जायचं. बाकी सगळी गिऱ्हाइकं सोडून. वर कोण बसलंय, त्याच्या मनात काय आहे, काही दिसत नाही. त्याने जा म्हटलं की एका महिन्यात रस्त्यावर. आणि आपण मात्र जातो म्हणू शकत नाही. तेच ते सतरावं कलम. दादा, तुमचं मीठ खाल्लंय म्हणून सांगते, हा करार करायचा नाही. नाही म्हणजे नाही!"

टिंग!

सतीशच्या हाताला सवय! घंटा त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत होती आणि हात पिशवीत होता. एवढासा तो आवाज, पण त्या खिंडीत नगाऱ्यापेक्षा मोठा वाटला. कुणी हसलं नाही. सतीशचा चेहरा पांढराफटक पडला.

"ती इकडे दे," दादा म्हणाले. त्यांनी खोकं खाली ठेवलं, घंटा घेतली आणि आतला लोलक बोटांत धरून ठेवला. "सतीश, तुला माहीत होतं? ह्या कलमाचं?"

"होतं, दादा."

"आणि तुला काय वाटतं?"

"तेच... मॅडम म्हणतात तेच."

"मागच्याला विचार."

सतीशनी मागच्याला विचारलं. त्याने त्याच्या मागच्याला. प्रश्न कुजबुजत रांगेतून मागे गेला, वळणापलीकडे गेला, आणि दिसेनासा झाला. आम्ही वाट बघत उभे. मग तिकडून उत्तर यायला लागलं, माणसामाणसातून, तोंडातोंडातून. माहीत होतं. माहीत होतं, दादा. आम्हालाही माहीत होतं. शेवटच्याचं उत्तर सतीशपर्यंत आलं तेव्हा त्यांना ते मोठ्याने सांगवेना. त्यांनी नुसती मान डोलावली.

"सगळ्यांना माहीत होतं," दादा म्हणाले. "मग बाईंशिवाय माझ्याजवळ कुणी बोललं का नाही रे?"

कोण बोलणार? दादांनी स्वतःच मुठीतल्या घंटेकडे पाहिलं. तो धिप्पाड माणूस त्या दोन डोंगरांच्या मध्ये मला पहिल्यांदा एकटा दिसला, आणि फार वाईट वाटलं.

"खानाने मग काय केलं?" त्यांनी विचारलं.

"बाईचं ऐकलं," कर्नल म्हणाले. "सगळ्या फौजेदेखत. महाराजांकडे वकील पाठवला. हत्यारं, तंबू, खजिना, सगळं इथे खाली ठेवलं आणि माणसं जिवंत घेऊन परत गेला. अब्रू गेली. माणसं राहिली."

"आणि महाराजांनी जाऊ दिलं?"

"जाऊ दिलं."

"एवढं सगळं हातात असताना..." दादांनी मान वर केली. मग त्यांनी पायातले बूट काढले, ओढ्यातल्या गोट्यांवर अनवाणी उभे राहिले आणि वर बघून वाकून मुजरा केला. कुणी घोषणा दिली नाही. आम्ही आमची ओझी खाली ठेवली आणि एकेक करून वाकलो. फेट्यातला मुजरा मी पुष्कळ पाहिलाय. उघड्या डोक्याचा, हरलेल्या माणसांचा मुजरा मी आयुष्यात तेवढाच पाहिला.

कर्नलनी शिट्टी वाजवली. झाडीतून त्यांची माणसं नगारे घेऊन खाली उतरली. चौघंच होती! चार माणसांनी आमची गाळण उडवली होती. दादांनी त्यांच्याकडे बघून नुसते हात जोडले.

पुढे चावणी गावाजवळ नदीकाठच्या स्मारकापाशी पोचलो. तिथे फोनला रेंज आली. आम्ही सावलीला बसलो आणि दादा थोडे बाजूला जाऊन उभे राहिले. त्यांचा आवाज मुळातच मोठा, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

"साहेब, ते सतरावं कलम काढा, मग सही... हो, आता सांगतोय. उशीर झाला, मान्य... मंत्र्यांचं मी बघतो, साहेब, शिव्या मी खाईन... अजिबात काढणार नाही म्हणता?" इथे ते थांबले. सतीशनी माझा हात गच्च धरला होता, आणि ते त्यांच्याही ध्यानात नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे तपासणीचं टेबल होतं आणि त्याभोवतीच्या माना खाली घातलेल्या बायका.

"मग नाही," दादा म्हणाले. "नाही साहेब. सोमवारी सही होणार नाही."

फोन ठेवला. खिशातून घंटा काढली, वर धरली आणि स्वतःच्या हाताने जोरात वाजवली. टिंग! टिंग! टिंग!

"चला," ते म्हणाले, "खोपोलीला भेळ. माझ्याकडून."

मांडव उतरवावा लागला. थोपट्यांनी शेपूट घातलं, असं लोक वर्षभर म्हणत होते, आणि दादा ते ऐकून घेत होते. भोसरीचा कारखाना मात्र आजही चालू आहे. माझी निवृत्ती त्याच गेटातून झाली, आणि निरोपाला तपासणीच्या टेबलावरच्या बायका ढसाढसा रडल्या, त्यांच्याबरोबर मीही.

पण मला आठवतो तो सोमवार. सही व्हायची होती त्याच वेळेला दादांनी मीटिंग बोलावली. आत आले, घंटा टेबलावर नेहमीच्या जागी ठेवली नाही, माझ्यापुढे सरकवली.

"ही आता बाईंकडे. मी काही सांगितलं आणि तुमच्यातल्या एकानेही नाही म्हटलं नाही, तर बाईंनी ही वाजवायची."

"आणि मग भेळ कुणी द्यायची?" सतीशनी विचारलं.

"मी," दादा म्हणाले. "एवढ्या माणसांतून एकाचंही तोंड उघडत नसेल, तर चूक खानाची."